चौदा नंबरची राखण

बसस्थानकाच्या मागच्या भिंतीला लागून जो फुटपाथ जातो, त्यावर बावीस वर्षं एक बाई बसत होती आणि सगळं शहर तिला फक्त अडचणीच्या वेळी ओळखत होतं. बस सुटायला सात मिनिटं राहिली आहेत, बॅग तोंड वासून पडली आहे, आतले कपडे येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे डोकावून बघताहेत, अशा वेळी माणूस धापा टाकत यायचा आणि म्हणायचा, "मावशी, चेन बघा हो जरा." चेन लागली की तोच माणूस मावशीला विसरून बसकडे पळायचा. मावशीला त्याचं वाईट वाटत नसे. ज्याला चेनवाली आठवत नाही त्याचीच चेन नीट बसली, असं तिचं म्हणणं.

तिचं दुकान म्हणजे एक पक्कड, एक दाभण, मेणबत्तीचा तुकडा आणि जुन्या रनरांनी भरलेला बिस्किटांचा डबा. रनर ढिला झाला की पक्कडीने त्याचे दोन्ही गाल दाबायचे, दातांवरून मेणबत्ती फिरवायची, आणि हे करता करता बॅगवाल्याच्या संसारात जमेल तेवढं डोकावून घ्यायचं. "ही चेन कंपनीने खराब नाही दिली," ती एखाद्या नवऱ्याला सांगायची. "तुमच्या बायकोने तीन दिवसांच्या प्रवासाला सहावा स्वेटर कोंबला, तिथे ती फाटली." शेजारी उभी असलेली बायको हसायची किंवा हसायची नाही. मावशी दोन्हींसाठी तयार असायची.

ही बाई संध्याकाळी कुठेतरी घरी जात असेल, असं लोकांना वाटायचं. ती जात नसे. जिथे बसायची तिथेच राहायची. कामाची जागा आणि घर इतकं जवळ असणं फार थोड्यांच्या नशिबात असतं, असं काटेवाला म्हणायचा.

काटेवाला म्हणजे तिच्या डाव्या हाताला वजनकाटा घेऊन बसणारा म्हातारा. तो मावशीपेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी तिला मावशी म्हणायचा, आणि तिने हटकलं की म्हणायचा, "वय काट्यावर दिसत नाही, मावशी." त्याच्या काट्याची काच धुरकट झालेली, त्यामुळे आकडा तोच वाचून सांगायचा. बायकांना दोन किलो सूट होती. जास्तच खिन्न दिसणाऱ्यांना तीन.

दोघांचा अठरा वर्षांचा शेजार होता आणि त्या शेजाराचा पाया एकच होता, राखण. फुटपाथवर रिकामी जागा कधी सोडायची नाही. तिथे दगड ठेवून चालत नाही, पिशवी ठेवून चालत नाही. दगड लोक उचलतात आणि पिशवी तर आनंदाने उचलतात. तिथे माणूसच बसलेला लागतो. मावशीला नळावर जायचं असलं तर काटेवाला सरकून अर्धा तिच्या जागेवर बसायचा. त्याला दवाखान्यात जायचं असलं तर मावशी. दोघंही गुंतले तर पलीकडची कंगवेवाली यायची, ती कंगवे विकायची आणि स्वतःचे केस मात्र बोटांनी सारखे करायची. राखणीची रीतही ठरलेली. राखणाऱ्याने जागा वापरायची नाही. तिथल्या गोधडीवर लोळायचं नाही, डब्याला हात लावायचा नाही. बसायचं, आणि मालक आला की उठायचं. यात कोणी कोणाचे आभार मानत नसे. आभार मानायला लागलं म्हणजे माणूस जागेवर डोळा ठेवून आहे, असा संशय यायचा.

अशा या सुखी संसारात फाईलताई आली.

ही तिशीची मुलगी एका संस्थेत काम करत होती. छातीशी फाईल धरून यायची म्हणून तिचं हे नाव पडलं. संस्थेने जवळच एक बंद पडलेलं लॉज घेऊन त्याच्या चोवीस खोल्या केल्या होत्या, वर्षानुवर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसांसाठी. आधी दारू सोडा, आधी औषधं घ्या, आधी सुधारा आणि मग दार उघडू, अशी भानगड नव्हती. आधी खोली. भाडं जमेल तेवढं. खाली कार्यालयात कोणी ना कोणी कायम असणार, मंगळवारी नर्स येणार, कागदपत्रांना ताई मदत करणार. ज्याला जे हवं ते त्याने मागायचं.

हे सगळं ताईने मावशीला पहिल्या भेटीत सांगितलं. मावशीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बदल्यात काय?"

"काही नाही."

"मग नको," मावशी म्हणाली. "फुकटचं दुसऱ्या दिवशी परत मागतात."

ताई सात महिने येत राहिली. दर खेपेला बॅगेची कुठली तरी चेन दुरुस्तीला आणायची. एका बॅगेला इतक्या चेनी कशा बिघडतात, याचा मावशीला आधी अचंबा वाटला, मग संशय आला, आणि पाचव्या महिन्यात ती म्हणाली, "पोरी, ही चेन तू पक्कडीने मुद्दाम वाकवली आहेस. वाकवायची तर निदान दोन्हीकडून सारखी तरी वाकवायचीस." त्या दिवसापासून दोघींचं जमलं. सातव्या महिन्यात मावशीने सही केली. काटेवाल्याने मात्र नकार दिला. खोली घेतली की नळ गळतो, भिंतीला ओल येते, शेजारी भांडतो, असं त्याचं मत. उघड्यावर राहणाऱ्या माणसाचा नळ कधी गळत नाही.

मावशीला दुसऱ्या मजल्यावरची चौदा नंबरची खोली मिळाली. खोलीत पलंग, कपाट, टेबल, खुर्ची, पंखा आणि मागच्या अंगणात उघडणारी खिडकी. मावशीने खिडकीची कडी वीस वेळा लावून पाहिली. नळ सोडला, बंद केला, खाली वाकून एक थेंब पडतो का ते पाहिलं आणि पडला नाही म्हणून काटेवाल्यावर मनातल्या मनात एक गुण मिळवला. पलंगावर तिने डबा, पिशव्या आणि पक्कड मांडली, आणि स्वतः दाराशी आडवी झाली. पलंगाला इतकं नीटनेटकं सामान पहिल्यांदाच मिळालं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी अडचण उभी राहिली. कामावर तर जायचं. मग खोली कोण राखणार?

हे वाचून तुम्हाला हसू येईल, कारण तुमच्या दाराला कुलूप आहे आणि तुमचा कुलपावर विश्वास आहे. मावशीच्या दारालाही कुलूप होतं. पण ती बावीस वर्षांत एकदाही जागा उघडी सोडून उठली नव्हती. आणि आता तर एकाच्या दोन जागा झाल्या होत्या, फुटपाथवर एक आणि चौदा नंबरची एक. श्रीमंती आली की चिंता वाढते ती अशी. तिने काटेवाल्याशी आणि कंगवेवालीशी बोलून पाळ्या लावल्या. सोमवारी, बुधवारी काटेवाला खोलीत बसणार, इतर दिवशी कंगवेवाली, आणि ज्याला इकडे बसवलं त्याची तिकडची जागा बाकीचे दोघं मिळून सांभाळणार.

काटेवाला सोमवारी काटा बगलेत मारूनच आला. वॉचमनने वहीत नाव लिहून घेतलं, कारण पाहुणा आला की नाव लिहायचं असा नियम होता. चौदा नंबरच्या दारात बसून त्याने दुपारपर्यंत मजल्यावरच्या चार जणांची वजनं केली. वॉचमनचंही केलं. वॉचमनने ते वहीत लिहिलं नाही.

मावशी खूश. अडीच महिने हे असं सुरळीत चाललं. आणि वॉचमनची वही भरत गेली.

या इमारतीचे व्यवस्थापक म्हणजे माणूस वाईट नाही, पण नियमांवर त्यांचं पोटच्या पोरांसारखं प्रेम. जिन्यात, नळावर, दिव्याच्या बटणाखाली, असा त्यांचा अक्षरांचा प्रपंच पसरलेला. 'दिवा बंद करावा' या पाटीखाली 'ही पाटी वाचण्यापुरता दिवा चालू ठेवण्यास हरकत नाही' अशीही एक बारीक ओळ होती. त्यांना दोन काळज्या होत्या. पहिली ही, की इमारतीत कोणी खोलीबाहेरच पडत नाही. त्यांनी खालच्या दालनात कॅरम आणून ठेवला, गुरुवारी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. कोणी फिरकलं नाही. तेरा नंबरचा कंडक्टर तेवढा आला. हा पूर्वी बसवर कंडक्टर होता, मग दारूवर, मग अकरा वर्षं पुलाखाली. तोही दर चार मिनिटांनी उठायचा आणि जिना चढून वर जाऊन यायचा. सोळाव्या मिनिटाला गेला तो आलाच नाही. नर्सने त्याची साखर दोनदा तपासली. साखर उत्तम होती. वरच्या कार्यालयाला अहवाल गेला की रहिवाशांमध्ये एकलकोंडेपणा फार आहे.

दुसरी काळजी चौदा नंबरची. नियम नऊ असा, की खोली ज्याच्या नावावर त्यानेच राहायचं. तो नसताना दुसऱ्या कोणी खोलीत थांबायचं नाही. आणि वही तर सांगत होती की चौदा नंबरमध्ये मावशी सोडून सगळं शहर राहतं. तीन महिन्यांचा आढावा जवळ आला होता. व्यवस्थापकांनी पोटभाडेकरू हा शब्द लाल शाईने लिहिला आणि मावशीला कार्यालयात बोलावलं.

मावशी आली. ताई आधीच तिथे बसली होती, आणि फाईल छातीशी घट्ट धरली होती, त्यावरून मावशीने ओळखलं की बॅग फाटण्याच्या बेतात आहे.

"बाई, तुम्ही खोली दुसऱ्यांना देता," व्यवस्थापक म्हणाले.

"देत नाही, राखायला बसवते."

"नियम नऊप्रमाणे खोली काढून घेता येते. कल्पना आहे?"

"म्हणूनच तर राखायला बसवते," मावशी म्हणाली. "काढून घेतात म्हणून."

व्यवस्थापकांनी पेन खाली ठेवलं. "या क्षणी तुमच्या खोलीत कोण आहे?"

"कंगवेवाली."

ताईने डोळे मिटले. ज्या गुन्ह्याची चौकशी, तो गुन्हा चौकशीच्या वेळीही चालूच होता, आणि तोही आरोपीने मोठ्या विश्वासाने सांगितलेला.

"अहो, पण कुलूप आहे ना दाराला," व्यवस्थापक जरा नरमाईने म्हणाले.

मावशीने हातातली पक्कड उघडली, मिटली. हे तिने काटेवाल्यालाही एकदाच सांगितलं होतं, तेही तो झोपला असेल अशा बेताने. "कुलूप होतं, साहेब. आईला बरं नव्हतं म्हणून अकरा दिवस माहेरी गेले. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. परत आले तर दाराला कुलूप होतंच. फक्त माझी किल्ली त्याला लागत नव्हती. आतून दिराची पोरं बोलत होती. मी दार वाजवलं, तशी ती बोलायची थांबली." तिने पक्कड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पोरं चांगली होती तशी. धाकट्याच्या दप्तराची चेन मीच लावून द्यायचे."

व्यवस्थापकांनी लाल शब्दाकडे पाहिलं. तो लालच होता. नियमांच्या माणसाचं दुःख हे, की मन वितळलं तरी शाई वितळत नाही.

"खोलीसाठी थांबलेल्यांच्या यादीत पुढचं नाव कोणाचं आहे?" त्यांनी ताईला विचारलं.

ताईने खाली मान घातली. "काटेवाल्या आजोबांचं."

मावशीने मान वळवून ताईकडे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं. नळ गळतो म्हणणाऱ्या त्या माणसाने सोमवारी-बुधवारी तिच्या दारात बसून बसून, तिच्या नकळत, अर्ज भरला होता.

व्यवस्थापकांच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. म्हणजे हा डाव आहे. म्हातारा आत शिरून बसला आहे. त्यांनी वॉचमनला पाठवून काटेवाल्याला बोलावून घेतलं. काटेवाला काट्यासकट आला. स्वतःच्या, मावशीच्या आणि कंगवेवालीच्या जागेवर शेजारच्या बूटपॉलिशवाल्याला बसवून आला होता, आणि तो एकटा माणूस तीन जागांवर कसा पसरला असेल ते त्याचं त्याला ठाऊक.

"आजोबा, नीट विचार करून सांगा," व्यवस्थापक म्हणाले. "ही खोली मोकळी झाली तर ती तुम्हाला मिळणार आहे. तुम्ही तिथे राहत होता का? या बाई तुमच्याकडून काही घेत होत्या का?"

काटेवाल्याने मावशीकडे पाहिलं नाही. "घेत होत्या. जीव घेत होत्या. पायपुसण्यावर पाय पुसला की नाही ते संध्याकाळी येऊन विचारायच्या."

"राहत होता का?"

"साहेब, मी राखायला बसलो होतो. राखायला बसणाऱ्याने जागा घेतली, तर पुढच्या वेळी त्याची कोण राखेल?" मग त्याने जरा विचार करून पुढे म्हटलं, "खोली छान आहे, हे मात्र खरं. मला दुसरी एखादी द्या, तशीच. नळ गळत नाही तसली."

"लबाड," मावशी हळूच म्हणाली.

"अर्जच भरलाय, मावशी. दार नाही फोडलं."

ताई उठली. आपण वर जाऊन बघू या, म्हणाली. सगळी वरात जिना चढून दुसऱ्या मजल्यावर गेली. दुपार टळटळीत तापलेली. चौदा नंबरचं दार सताड उघडं, आणि कंगवेवाली उंबऱ्याच्या आत, फरशीवर, मांडी घालून ताठ बसलेली. तिच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. पलंग मोकळा होता. खुर्ची मोकळी होती. पंखा बंद होता.

"पंखा का नाही लावला?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"माझा नाही ना," कंगवेवाली म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही.

"पाणी?"

तिने शेजारची बाटली दाखवली. "आणलंय की घरून." घरून म्हणजे फुटपाथवरून.

व्यवस्थापक त्या बंद पंख्याकडे बघत राहिले. त्यांनी पोटभाडेकरू पाहिले होते. आल्या आल्या पंखा पाचावर करून पाय पसरतात. ही कुठली जात, हे त्यांच्या नियमावलीत नव्हतं.

तेवढ्यात तेरा नंबरचं दार बोटभर उघडलं. कंडक्टरचा एक डोळा बाहेर आला, मग नाक, मग आवाज. "साहेब, एक विचारू? ही बाई माझीपण राखेल का? तासभरच. मला केस कापायला जायचंय."

"मग जा की. कोणी अडवलंय?"

"आणि मागे कोणी आलं तर?"

खोल्यांपुढच्या त्या ओसरीत सगळ्यांना जे उमगायचं होतं ते ताईला आधी उमगलं. तिने कंडक्टरच्या केसांकडे पाहिलं. ते खांद्यावर आले होते. "तुम्ही कधीपासून बाहेर गेला नाहीत?"

"सत्तर दिवस झाले. खाली कॅरमला आलो होतो तेवढाच, पण तिथून दार दिसत नाही." तो जरा पुढे आला, एक पाय मात्र उंबऱ्याच्या आत ठेवून. "सामान वॉचमन आणतो. पंधरावाल्याचंही तोच आणतो. दहा नंबरची म्हातारी तर खिडकीतून दोरी सोडते."

म्हणजे झालं असं होतं, की एकलकोंडेपणावर तीन अहवाल गेले, गाण्यांचे गुरुवार झाले, एका माणसाची साखर दोनदा तपासली गेली. आणि हे सगळे लोक आपापल्या खोल्यांमध्ये दुसरं काही नाही, राखणीला बसले होते. स्वतःच स्वतःची जागा राखत होते. मावशी तेवढी भाग्यवान, की तिला राखायला माणसं होती, म्हणून इमारतीतून रोज कामाला जाणारी ती एकटी होती.

व्यवस्थापकांनी खिशातून नियमावली काढून चाळली. "नियम नऊ मी बदलू शकत नाही. वरून आलेला आहे. खोलीत दुसरं कोणी चालणार नाही. एकदा जरी सापडलं, तरी खोली जाईल."

"खोलीत नाही," ताई म्हणाली. "पण ओसरीत? ओसरीत एक खुर्ची ठेवली, आणि त्यावर मजल्यावरचंच कोणीतरी एक जण बसलं, पाळीपाळीने?"

"ओसरीत सामान ठेवू नये, नियम बारा."

"माणूस म्हणजे सामान नाही, साहेब."

"वजन मात्र असतं," काटेवाला म्हणाला, आणि मावशीने त्याला कोपर मारलं.

शेवटी ठरलं ते असं. आठ दिवस. या आठ दिवसांत मावशीने चौदा नंबर कुलूप लावून मोकळी सोडायची, आणि आत दुसरं कोणी दिसता कामा नये. आठवडा निभला तर लाल शब्द खोडला जाईल. नाही निभला तर खोली यादीतल्या पुढच्या नावाला.

पहिल्या दिवशी ओसरीतल्या खुर्चीवर कंडक्टर बसला. मावशीने कुलूप लावलं, ओढून पाहिलं, तीन पायऱ्या उतरली, परत येऊन ओढून पाहिलं. पाचव्या खेपेला कंडक्टर म्हणाला, "मावशी, कडी उपटून हातात येईल. मग खरंच कोणीतरी शिरेल."

त्या दिवशी बसस्थानकाच्या मागे ज्यांच्या चेनी दुरुस्त झाल्या, त्यांची दया यावी. एका बॅगेचा रनर तिने उलटा बसवला. एका बाईच्या पर्सची चेन अशी लावली की ती आतून उघडत होती. अकराच्या सुमाराला ती उठून उभी राहिली आणि पिशवी काखेत मारली.

"कुठे?" काटेवाल्याने विचारलं.

"जरा बघून येते. जागा राखा."

"नाही राखणार."

अठरा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता. मावशीने कमरेवर हात ठेवले. "काय म्हणालात?"

"नळावर जा, राखतो. दवाखान्यात जा, राखतो. कुलूप बघायला जायचं असेल तर ही जागा रिकामी राहील." त्याने काट्यावरची धूळ शांतपणे पुसली. "आणि एक लक्षात ठेवा, मावशी. तुम्ही तिकडे गेलात की तिथेच बसाल. मग कामावर परत यायचं म्हणून कंगवेवालीला खोलीत बसवाल. साहेब बघतील, खोली जाईल, ती मला मिळेल. आणि मी ती घेईन. लाजणार नाही. पलंगावर झोपेन. तुमच्यासारखा पिशव्या नाही झोपवणार."

"एवढा डोळा आहे तर जाऊ द्या ना मला."

"जा. मी कुठे धरलंय?"

ती उभीच राहिली. चार बसगाड्या सुटल्या. मग एक माणूस धापा टाकत आला, त्याच्या बॅगेतून पायजम्याची नाडी लोंबत होती. मावशी खाली बसली. रनरचे गाल दाबता दाबता ती काटेवाल्याकडे न बघता म्हणाली, "पडदे निळे आहेत तिथले. तुम्हाला शोभणार नाहीत."

"बदलेन," काटेवाला म्हणाला.

संध्याकाळी ती परतली तेव्हा कंडक्टर खुर्चीवर तसाच ताठ होता आणि त्याने जुन्या सवयीने हिशोब दिला. वर आलेले चार, खाली गेलेले तीन, एक मांजर, त्याला मधूनच उतरवून दिलं. साहेब दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा कारण नव्हतं. मावशीने कुलूप उघडलं. डबा पलंगावर होता. खिडकीची कडी लागलेली होती. तिने पंखा लावला आणि त्याच्याखाली नुसतीच उभी राहिली.

दुसरा दिवस पहिल्याइतकाच वाईट गेला. तिसऱ्या दिवशी दहा नंबरच्या म्हातारीची पाळी होती. तिने बसल्या बसल्या ओसरीतून जाणाऱ्या प्रत्येकाला कुठे, कशाला, कधी येणार असं विचारून घेतलं आणि मजल्याला कळलं की राखण म्हणजे काय असते. चौथ्या दिवशी पंधरावाला बाहेर पडला, तो नवी चप्पल घेऊन आला. पाचव्या दिवशी मावशीने कुलूप फक्त दोनदा ओढून पाहिलं. काटेवाला रोज विचारायचा, "गेली का खोली?" ती म्हणायची, "नाही, तुम्ही अर्ज उशीच्या खाली घेऊन झोपा." उशी त्याला नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं, आणि म्हणून ती त्याच्यासाठी जुन्या बॅगांच्या अस्तरांतून एक शिवायला लागली होती, पण विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.

आठव्या दिवशी खुर्चीवर मावशीची पाळी होती. कामाला सुट्टी घेऊन ती बसली. कंडक्टर जिन्याशी आला, केस विंचरून, सदऱ्याची सगळी बटणं लावून. "कटिंग करून येतो. अर्ध्या तासात."

"या," मावशी म्हणाली. "आणि दाढीसुद्धा करा, मांजर घाबरतं तुम्हाला."

तो गेला. तास झाला. त्यात व्यवस्थापक अहवाल घेऊन वर आले. चौदा नंबरचं दार बंद होतं, कुलूप लागलेलं, आणि मावशी त्याच्याकडे पाठ करून ओसरीत बसली होती. पाठ करून बसली होती, हे त्यांनी दोन वेळा पाहिलं.

"बाई, आठ दिवस झाले. खोली एकदा आतून पाहतो आणि सही करून टाकतो. उघडा."

"आत्ता नाही येणार, साहेब."

"का?"

"राखणीवर आहे. कंडक्टर बाहेर गेलाय, पंधरावाला बाहेर गेलाय, दहा नंबर खाली कॅरम खेळतेय. मी उठले तर मजला कोणाच्या भरवशावर?"

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे. तुमचंच काम आहे."

"दोन मिनिटांतच तर जातं सगळं," मावशी म्हणाली. मग तिला साहेबांची दया आली. उन्हातून जिना चढून आले होते बिचारे. ती उठली आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली. "असं करा. तुम्ही बसा इथे. मी उघडते."

व्यवस्थापक खुर्चीकडे बघत राहिले, नियम आठवत असावेत. खुर्चीवर कोणी बसावं याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. ते बसले. मावशीने कुलूप उघडलं, दार सताड उघडं केलं, पंखा लावला आणि पलंगावरच्या पिशव्या एकेक करून कपाटात ठेवायला लागली, कारण पाहणी म्हटली की पलंग पलंगासारखा दिसायला हवा. त्याला वेळ लागला. मग चहाचं आधण ठेवलं. बाहेर व्यवस्थापकांनी गुडघ्यावर अहवाल ठेवून लाल शब्द खोडला, खाली सही केली, आणि उठणार एवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण उठलो तर ओसरी रिकामी पडते. ते परत टेकले.

जिन्यात पावलं वाजली. कंडक्टर वर आला. केस बारीक कापलेले, दाढी केलेली, कानामागे पावडर, हातात बसचं तिकीट. खुर्चीवर साहेबांना बघून तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबला.

"अर्धा तास म्हणून गेलास," व्यवस्थापक घड्याळ दाखवत म्हणाले. "किती वाजले?"

"शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आलो, साहेब. नवा कंडक्टर कसा आहे ते बघायला. अगदीच कच्चा आहे." त्याने खुर्चीभोवती एक फेरी मारली. "पण तुमची पाळी कधी लागली?"

आतून मावशी म्हणाली, "त्यांना बोलू नका हो. पहिलाच दिवस आहे त्यांचा."